काटा शून्यावर

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे, आणि माझी उभे राहण्याची जागा म्हणजे माणसाचा उघडा डोळा.

घाबरू नका. डोळ्यात आधी सुन्न करणारे थेंब घालतात. माणूस उताणा झोपतो, स्वतःच्या हाताचा अंगठा समोर वर धरतो आणि त्याच्याकडे एकटक बघतो. मग मला अलगद त्याच्या डोळ्यावर उभे करतात. तीन-चार श्वासांत काम होते. दुखत नाही. पुष्कळ लोक नंतर विचारत, ‘झालं? कधी केलंत?’

मी बोटाएवढा उंच आहे. तळाशी वाटीसारखी खोलगट चकती आहे, ती डोळ्याच्या गोलाईवर बरोबर बसते. चकतीच्या मधून एक बारीक दांडी खाली-वर सरकते. दांडीच्या डोक्यावर वजन असते आणि त्याच्या वर, पट्टीवर फिरणारा काटा. डोळा नरम असेल तर दांडी आत रुतते आणि काटा पुढे धावतो. डोळा कडक असेल तर दांडी रुतत नाही, काटा जागच्या जागी थांबतो. मग तक्त्यात आकडा बघायचा आणि दाब सांगायचा. माझे सगळे शहाणपण एवढेच.

या शहाणपणावर मी हजारो डोळे मोजले. एकाच माणसाच्या बाबतीत मी वर्षानुवर्षे चुकीचे सांगत राहिलो. आणि तो माणूस म्हणजे मला सर्वांत जास्त जपणारी बाई. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे घड्याळे दुरुस्त करणारी माणसे असावीत असे हात होते, हळू आणि हट्टी. एकाने माझी चकती घासली, दुसऱ्याने दांडी ओढून गुळगुळीत केली. तिसरा म्हातारा होता. तो काटा बसवून त्यावर फुंकर मारी आणि काटा थरथरला की मान हलवी. माझ्यासाठी एक पेटी केली. आत निळी मखमल आणि प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराचा खळगा. एका खळग्यात मी, शेजारी जास्तीची वजने, आणि कोपऱ्यात धातूचा एक गुळगुळीत ठोकळा.

या ठोकळ्याकडे नीट लक्ष द्या, मित्रांनो. तो म्हणजे माझी कसोटी. त्याची पाठ डोळ्यासारखी गोल असते, पण तो धातूचा, त्यात काही रुतत नाही. म्हणून मला ठोकळ्यावर ठेवले की काटा शून्यावर आलाच पाहिजे. आला नाही तर माझ्यात खोट आहे असे समजायचे आणि त्या दिवशी मला कुणाच्या डोळ्यावर ठेवायचे नाही.

पेटीच्या झाकणात एक पातळ पुस्तिका होती. तिच्या शेवटच्या पानावर काय लिहिले होते ते मी पुढे सांगेन.

मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. दोन खोल्या, एक लांब व्हरांडा, व्हरांड्यात बाके. आतल्या खोलीच्या दारापाशी एक लाकडी स्टूल होते. ते कुणी तिथे ठेवले ते ठाऊक नाही, पण तिथून ते कधी हलले नाही. मोठे डॉक्टर मनाने चांगले आणि बोलायला कंजूष. आणि सिस्टर. सिस्टरच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढी जाड भिंगे होती. चष्मा काढला की तिला स्वतःच्या हाताची बोटे मोजायला हात नाकाशी आणावा लागे. सगळे तिला ‘भिंगसिस्टर’ म्हणत. ती चिडत नसे. म्हणे, ‘डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्याइतकी शोभणारी पाटी दुसरी कुठली?’

तिने पहिल्याच दिवशी पेटी उघडली, मला चष्म्यापाशी धरले आणि म्हणाली, ‘आलास? चल, तुझं घर बघू.’

तेव्हापासून रोज सकाळी, व्हरांडा भरायच्या आधी, ती मला सुटा करी. दांडी काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसे. नळीतून बारीक ब्रश फिरवी. मग सगळे कोरडे होऊ देई, कारण नळीत थोडी जरी ओल राहिली तरी दांडी अडते. पुन्हा जोडून मला ठोकळ्यावर उभे करी, वाकून बघे आणि मोठ्याने म्हणे, ‘काटा शून्यावर.’

टेबलामागून, कागदातून मान वर न करता, मोठे डॉक्टर म्हणत, ‘बरं.’

हे रोज. एकदा डॉक्टर तापाने घरी होते तरी तिने रिकाम्या खुर्चीकडे बघून ‘काटा शून्यावर’ म्हटले होते. झाडू मारणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, ‘बरं गं बाई, बरं! कुणीतरी म्हणायलाच पाहिजे ना.’

मित्रांनो, माझ्या कामाचे मोल कळायला डोळा थोडासा ओळखावा लागेल. सिस्टर तो लहान मुलांना असा सांगे. पुढे एक स्वच्छ काच आहे, तिला पारपटल म्हणतात. तिच्या मागे रंगीत पडदा, पडद्याच्या मधोमध छिद्र, ती बाहुली. बाहुलीच्या मागे भिंग. सगळ्यांत मागे दृष्टिपटल, त्यावर चित्र उमटते. ते चित्र मेंदूकडे नेणारी एक नस, तुमच्या पेन्सिलीपेक्षा बारीक. भिंग गढूळ झाले तर मोतीबिंदू. तो काढता येतो, नवे भिंग बसवता येते. पण डोळ्याच्या पुढच्या भागात एक नळ सतत चालू असतो आणि एक मोरी सतत पाणी वाहून नेते. मोरी तुंबली तर पाणी साचते, दाब वाढतो आणि त्या दाबाखाली मागची नस सुकत जाते. हा काचबिंदू. यात दुखत नाही, लाल होत नाही. लोकरीच्या शालीला कसर लागते तशी नजर कडेकडेने खाल्ली जाते. मधला भाग शेवटपर्यंत शाबूत राहतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आणि नस गेली की गेली. ती परत आणणारे औषध नाही, भिंग नाही, शस्त्रक्रिया नाही.

सिस्टर हे सांगे तेव्हा मुले विचारत, ‘मग कळणार कसं?’ ती माझ्याकडे बोट दाखवी. ‘हा सांगतो.’

त्या बोटाचा मला फार अभिमान वाटे.

माझ्या चांगल्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. एक बसचालक जवळचे वाचायचा चष्मा करायला आला. धिप्पाड माणूस, आवाज हॉर्नसारखा. तक्त्याची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. आत येताना मात्र दारापाशी तो त्या स्टुलावर आपटला.

‘काका, दोनदा आपटलात,’ सिस्टर म्हणाली. ‘मघाशी जातानाही.’

‘तुमचं स्टूलच वाटेत आहे, बाई.’

‘ते रोज तिथेच असतं. बाकी कुणी आपटत नाही. झोपा इथे.’

‘अहो, मला समोरचं सगळं लख्ख दिसतं. बावीस वर्षं गाडी चालवतोय.’

‘समोरचं दिसतं हो. बाजूने कोण येतंय ते कोण बघतं, तुमची सासू?’

व्हरांड्यातली सगळी बाके हसली. तो झोपला. मी त्याच्या डोळ्यावर उभा राहिलो आणि माझा काटा जेमतेम एका घरापर्यंत सरकला. दोन्ही डोळे कडक. डॉक्टरांनी मागची नस पाहिली, थेंब सुरू केले, पुढे शस्त्रक्रियाही केली. त्याची बस गेली, त्याला आगारात वेळापत्रकाच्या खिडकीत बसवले. उरलेली नजर मात्र राहिली. दर सहा महिन्यांनी तो येई, स्टुलाला हाताने चाचपून वळसा घाली आणि विचारी, ‘काय म्हणतात आमचे गुरुजी?’ म्हणजे मी.

दवाखान्याचा एक रिवाज होता. वर्षातून एकदा, सुट्टीच्या आदल्या दिवशी, रोगी संपले की डॉक्टर सगळ्या कामगारांचे डोळे तपासत. मावशींचे, औषधे देणाऱ्याचे, पहारेकऱ्याचे. सिस्टर शेवटी. ती स्वतःच्या हाताने थेंब घालून घेई, चष्मा पोटावर ठेवून झोपे, अंगठा वर धरी. मी तिच्या डोळ्यावर उभा राही. काटा छान पाच घरांवर जाई. डॉक्टर तक्ता बघत. ‘सतरा.’ दुसरा डोळा. ‘सतरा.’

‘बरं,’ आता सिस्टर म्हणे, आणि दोघेही हसत. वर्षभरात तेवढाच उलटा प्रसंग.

तिचा डोळा माझ्या ओळखीचा झाला होता. त्यावर उभे राहणे सोपे वाटे. इतरांच्या डोळ्यांवर असतो तसा ताठरपणा तिथे नव्हता. मला ती मऊपणाची खूण वाटली. मला वाटले, हिचे सगळे ठीक आहे.

इथे माझी चूक आहे, मित्रांनो. फार जाड नंबराचा डोळा मागच्या बाजूला लांब वाढलेला असतो. फुगा लांब ताणला की त्याचे रबर पातळ आणि सैल होते, तसे त्या डोळ्याचे कवच होते. माझ्या वजनाखाली ते कवचच वाकत होते. आतल्या पाण्याचा दाब मोजतो आहे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात मी भिंतीचा सैलपणा मोजत होतो. आतले पाणी दाबत होते, भिंत वाकत होती आणि मी म्हणत होतो, सतरा.

हे कळण्याची एक संधी आली होती. एकदाच.

एका वर्षी तपासणीच्या वेळी माझ्यावर दहा ग्रॅमचे वजन तसेच राहिले होते. तिच्या आधी तपासलेल्या पहारेकऱ्याचा डोळा कडक होता, त्याच्यासाठी जड वजन चढवले होते, ते उतरवायचे राहून गेले. डॉक्टरांनी मला सिस्टरच्या डोळ्यावर ठेवले, जड वजनाच्या रकान्यात आकडा बघितला आणि थांबले.

‘तेरा?’

त्यांनी वजन उतरवले. नेहमीच्या हलक्या वजनाने पुन्हा मोजले. सतरा.

‘डोळा एक आणि आकडे दोन,’ डॉक्टर म्हणाले. ‘असं कसं?’

पेटीचे झाकण उघडे होते, झाकणात ती पुस्तिका होती. तिच्या शेवटच्या पानावर अगदी हेच लिहिले होते. दोन वजनांचे आकडे जुळले नाहीत तर डोळ्याचे कवच सैल किंवा ताठर आहे असे समजा. जड वजनाने आकडा उतरला तर खरा दाब दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त असू शकतो. डॉक्टरांनी ते पान शिकताना वाचलेही असेल. हात पेटीपर्यंत नेला असता तरी पुरे होते.

पण सिस्टर उठून बसली होती. ती चष्मा चढवत म्हणाली, ‘दांडीत ओल राहिली असणार. आज घाईत पुसलं मी. माझीच चूक, डॉक्टर.’

जिच्या स्वच्छतेवर कुणी कधी बोट ठेवले नव्हते, तिने स्वतःच ते ठेवले आणि सगळ्यांनी मानले. मनाला सोपे वाटले ते. यंत्र मळले असेल हे मान्य करणे नेहमीच सोपे असते. तिने मला सुटे केले आणि अर्धा तास पुसले. माझ्यात ओल नव्हती, धूळ नव्हती. तिच्या बोटांनाही ती सापडली नसणार. तरी ती पुसत राहिली. सुट्टीनंतर पुन्हा ठोकळा, काटा शून्यावर. हलके वजन. सतरा.

‘बघा,’ ती समाधानाने म्हणाली. ‘ओलच होती.’

पुढे नवे यंत्र आले. रोगी त्याच्यासमोर बसतो, हनुवटी टेकवतो, निळा प्रकाश येतो आणि दाब कळतो. डोळ्याच्या सैल कवचाने ते सहसा फसत नाही. व्हरांड्यातली रांग त्याच्याकडे वळली. मी कपाटात गेलो. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही, पण जुन्या वस्तूंना एवढी समज असते.

सिस्टर मात्र रोज सकाळी मला बाहेर काढी, पुसे आणि ठोकळ्यावर ठेवी. ‘काटा शून्यावर.’ ‘बरं.’ आणि वर्षाच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, या नव्यावर बसा.’

‘मला आपला माझा जुनाच बरा. त्याला माझ्या डोळ्याची सवय आहे.’

डॉक्टरांनी हसून माझी पेटी मागवली. तिचे मन राखले. पुढच्या वर्षी तसेच, त्याच्या पुढच्याही. चार वर्षे दवाखान्यात मी फक्त एका माणसासाठी बाहेर येत राहिलो, आणि त्या एकाच माणसाशी खोटे बोलत राहिलो. डॉक्टर तिची मागची नसही पाहत. ती फिकट होती, तिरकी होती. मोठ्या नंबराच्या डोळ्यात ती तशीच दिसते, म्हणून त्यांनी त्यावर विचार केला नाही.

याच काळात ती वस्तूंना धडकू लागली. ट्रेच्या कडेला हात लागून बाटल्या पडत. मावशी म्हणत, ‘सिस्टर, दाराला आधी विचारत जा, मी येऊ का म्हणून.’ ती म्हणे, ‘वय झालं गं.’ तिच्या आईलाही म्हातारपणी दिसत नव्हते आणि घरात सगळे असेच म्हणाले होते.

एका सकाळी बसचालक सहामाहीला आला. आता तोही म्हातारा झाला होता. सिस्टर आतून येताना दारापाशी त्या स्टुलावर आपटली. पंचवीस वर्षे तिथेच असलेल्या स्टुलावर. ती हसून पुढे गेली. तो हसला नाही.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘तुम्ही मान फिरवून बघताय.’

‘म्हणजे?’

‘नजर फिरत नाही तुमची. अख्खी मान फिरते. मी तसं करायचो. तुम्हीच पकडलं होतं मला.’

‘काहीतरीच काका. मागच्या महिन्यातच मोजलाय दाब. सतरा.’

‘गुरुजींनी मोजला?’

‘मग काय.’

तो माझ्या कपाटाकडे बघत राहिला. मग डॉक्टरांना म्हणाला, ‘साहेब, माझा नंबर नंतर घ्या. आधी यांना त्या निळ्या दिव्यासमोर बसवा. नाही बसल्या तर मी उठणार नाही इथून.’

ती बसली. उजवा एकतीस, डावा तेहतीस.

मग नजरेच्या कडा मोजणारी चाचणी झाली. कागदावर सगळे काळे आणि मध्ये नाण्याएवढाही नाही असा पांढरा ठिपका. सिस्टरने असे शेकडो कागद हाताळले होते. तिने तो चष्म्यापाशी धरला आणि कोपऱ्यातले नाव पुन्हा वाचले.

‘मी दर वर्षी तुमची नस बघत होतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘दर वर्षी.’

‘डॉक्टर, तो दोन आकड्यांचा दिवस आठवतो?’ ती म्हणाली. ‘ओल नव्हती.’

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, ‘बरं.’

थेंब झाले, दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. दाब उतरला. पण सुकलेली नस दाब उतरला म्हणून हिरवी होत नाही, आणि जी थोडी उरली होती तीही टिकली नाही. ठिपका लहान होत गेला. सहा वर्षांत तो मिटला.

त्याआधीच सिस्टर निवृत्त झाली; तेव्हा मोडीत काढायच्या वस्तूंच्या यादीत माझे नाव होते. तिने मला मागून घेतले. मावशी रागाने म्हणाल्या, ‘त्या मेल्याला कशाला नेताय घरी? त्यानेच तर घात केला.’

‘त्याला कळत नव्हतं गं,’ ती म्हणाली. ‘आणि मला कळत होतं, पण मी त्याला पुसत बसले.’

तिच्या घरी ती आणि तिची मुलगी. मुलीचे वडील मुलगी शाळेत असतानाच गेले होते. मुलगी छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करी. तिच्या नाकावरही तशीच जाड भिंगे. खिडकीशी एक टेबल होते, त्यावर माझी पेटी.

दिसेनासे झाल्यावरही तिने माझे पुसणे सोडले नाही. बोटांनी सुटा करी, बोटांनी जोडी. ठोकळ्यावर उभे करी आणि हाक मारी, ‘ये गं. काटा बघ.’

मुलगी हातातले काम टाकून येई, वाकून बघे. ‘शून्यावर आहे, आई.’

‘बरं.’

आता ‘बरं’ म्हणायचे काम आईकडे आले होते. दोघींच्या त्या घरात हसूही होते, मित्रांनो. एकदा मुलगी चहात साखर घालायला विसरली तर आई म्हणाली, ‘डोळे गेलेत माझे. जीभ अजून कामावर आहे.’ पण दुपारी मुलगी छापखान्यात गेली की ती खुर्चीत बसून राही आणि अंगठा वर धरी, तपासणीला धरतात तसा. समोर. मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. कुठेतरी एखादा पांढरा ठिपका उरला आहे का ते ती शोधत असे. तो नव्हता. ती हात खाली ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधी.

बोटांना माती कळते, पण ओलीचा एक थेंब कळत नाही. माझ्या नळीत ओल राहू लागली. जिला घाबरून तिने मला आयुष्यभर कोरडे केले, ती आता खरीच आली. दांडीवर गंज चढला. काट्याची खुंटी जड झाली. एका सकाळी तिने मला ठोकळ्यावर ठेवले आणि माझा काटा अडीचवर थांबला.

‘काटा बघ गं.’

मुलगी वाकली. तिने बघितले. बोटाने काट्याला हलकेच ढकलून पाहिले. तो हलला नाही.

‘शून्यावर आहे, आई.’

माझी दांडी अडते आहे हे आईच्या बोटांना त्याआधीच कळले होते. जोडताना ती बोटे नळीपाशी थांबली होती.

‘बरं,’ ती म्हणाली.

आणि रोज विचारत राहिली. रोज तेच उत्तर, रोज तोच ‘बरं’.

ती मुलीच्या मागे एका गोष्टीसाठी हात धुऊन लागली होती. ‘डोळे तपासून घे. तुझी भिंगं माझी, तुझा डोळा माझा. आईकडून मला आलं, माझ्याकडून तुला येईल.’ मुलगी म्हणे, पुढच्या आठवड्यात. पुढचे आठवडे बरेच झाले. शेवटी आईने दोन दिवस जेवण सोडले, तेव्हा मुलगी गेली.

ती परत आली तेव्हा आई खिडकीशी मला पुसत होती. मुलीने पिशवी खाली ठेवली. पिशवीतला घडी केलेला कागद तिने उघडून पुन्हा बघितला, आईच्या हातातून मलाही तो दिसला. पांढरा होता, पण डाव्या वरच्या कोपऱ्यात काळे होते आणि ते काळे काठाने खाली उतरू लागले होते. कागदाबरोबर थेंबांची बाटली होती.

‘काय म्हणाले?’

‘सगळं ठीक आहे, आई.’

‘दाब?’

‘ठीक आहे.’

आईची बोटे माझ्या नळीवर थांबली. तशीच, त्या सकाळी थांबली होती तशी.

‘बरं,’ ती म्हणाली.

मग माझी पेटी मिटली, मुलीचा हात शोधला आणि धरून ठेवला.

त्या वर्षाच्या शेवटी तिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस. सातव्या दिवशी तिने मुलीला विचारले, ‘थेंब वेळेवर घालतेस ना?’ मुलगी म्हणाली, ‘हो.’ मुलीने तिला थेंबांबद्दल कधी सांगितले नव्हते. दोन दिवसांनी ती गेली.

आता मी कुणाच्या उपयोगाचा नाही. गंज आतपर्यंत गेला आहे. मला दुरुस्त करणारे हात राहिले नाहीत आणि माझी गरजही राहिली नाही. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना ‘आम्हाला जपा’ असे मागतात. मी तसे मागणार नाही. मला पुरेपूर जपले गेले, आणि ते जपणे जपणारीच्याच डोळ्यांच्या कामी आले नाही.

मागायचेच तर एवढे मागतो, मित्रांनो. शेवटची ओळ वाचता येते म्हणून डोळे चांगले आहेत असे समजू नका. तुमच्या घरात कुणाची नजर अशी कडेकडेने गेली असेल, तर वय झाले म्हणून बसू नका. जाऊन दाब मोजून घ्या, नस दाखवा, कडा तपासून घ्या. आणि कधी एका डोळ्याचे दोन आकडे आले, तर यंत्र पुसायला घेऊ नका. आधी त्या डोळ्याकडे पुन्हा बघा. पुसायला नंतर वेळ मिळतो. बघायला मिळत नाही.

मुलगी थेंब घालते. डाव्या कोपऱ्यातले काळे तरी थोडेथोडे उतरतेच आहे, मागच्या खेपेच्या कागदावर मी ते पाहिले. सकाळी छापखान्यात जाण्याआधी ती पेटी उघडते, मला पुसते आणि ठोकळ्यावर उभे करते. वाकून बघते. आता ती खरे सांगते.

‘अडीच,’ ती म्हणते.

मग थोडा वेळ थांबते, आणि पेटी मिटते.